वीस वर्षांची सूज

आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. साखरेच्या गोळ्या दोनदा वाढवल्या, तरी साखर उतरली नाही. नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मग तिला तोंड उघडायला सांगितले. हिरडी दाबताच पू आला.

डॉक्टर म्हणाले, ठेच लागली की सूज येते, काम संपले की उतरते. हिरड्यांची ही सूज वीस वर्षांत उतरलेलीच नाही. अशी धुमसत राहिलेली सूज साखर खाली येऊ देत नाही, रक्तवाहिन्या खराब करते. वयाची म्हणून आपण सोसतो त्यातली बरीच दुखणी तिच्यावर पोसतात. सहा दात काढा, मिसरी बंद करा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर अंगठा कापावा लागेल, कदाचित पाऊलही.

मिसरी आमच्याकडे दर शनिवारी भाजली जाई. जुन्या तव्यावर तंबाखू काळीकुट्ट करायची, कुटायची, डब्यात भरायची. गल्लीतल्या बायकाही आपापली तंबाखू घेऊन येत. उपासाला ती चाले. उपाशीपोटी रक्त तपासायचे त्या सकाळीही आई ती दातांना लावूनच जाई, कारण मिसरी म्हणजे खाणे नव्हे. मला त्या वासाची लहानपणापासून शिसारी आहे.

दात काढायला तिने नकार दिला. मिसरीचा विषय काढला तेव्हा भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "तुन्हा बाप मरना, तवय बी मी सोडी नही. आते तुन्हाकरता सोडू का?"

पुढच्या शनिवारी तिने तवा परसातून उचलून मी लिहीत बसतो त्या खिडकीखाली मांडला.

पट्टी मी बदलत असे. दहाव्या दिवशी पट्टी सोडली तर जखम आतून काळी. अंगठा सडला असे समजून मी रिक्षा बोलवायला उठलो. तेवढ्यात जळक्या तंबाखूचा वास आला. मी बाहेर असताना तिने पट्टी सोडून जखमेत मिसरी भरली होती. मिसरीने हिरड्या घट्ट होतात तर मांसही होईल, असे तिने सांगितले.

मी डबा गटारात रिकामा केला. म्हणालो, "माय, पाय कापतीन."

"पाय मन्हा शे. तू तुन्हा कागद काया कर."

दोन दिवस ती माझ्या हातचे पाणीही प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर जायचे लुगडे नेसून ओट्यावर येऊन बसली. दवाखान्यात तिने डॉक्टरांना सांगितले, "दात काढी टाका. मंग ह्याना हात मन्हा डबाले लागाले नको."

दात गेले तरी मिसरी चालणार नाही, तोंडाचा कर्करोग होऊ शकतो, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले. तिने ऐकून घेतले आणि तोंड उघडले.

साखर हळूहळू उतरली. जखमेला लाल मांस धरले. अंगठा कापावा लागला नाही. बाजारातून तिने नवा डबा आणला आणि दातांच्या रिकाम्या जागी मिसरी लावू लागली.

जखमेचे तोंड अजून पुरते मिटलेले नाही. रोज सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पाय माझ्यापुढे टाकते. मी जुनी पट्टी सोडतो आणि आधी नाकाशी धरून तिचा वास घेतो.