दहाव्या नंबरचा सिनेमा

त्या आठवड्यात चष्मेवाल्याचं कशात म्हणजे कशात लक्ष नव्हतं. एका आजीबाईंच्या फ्रेममध्ये त्याने डावी काच उजवीकडे बसवली, त्या बिचाऱ्या दुकानाच्या पायरीवरच धडपडल्या. स्टुलावर बसायचा, उठायचा, फूटपाथवर येऊन उगाच इकडेतिकडे बघायचा, पुन्हा आत. पायाला नुसती भिंगरी. आणि कारण ऐकाल तर हसाल. येत्या रविवारी एका सिनेमाचा निकाल लागायचा होता.

त्याचं असं, की रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून त्याच्या दुकानात चार डोकी जमायची आणि जगातले सगळ्यात थोर सिनेमे कोणते यावर तावातावाने भांडायची. शेजारचा टेलर, रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर, चष्मेवाला आणि त्याची बायको. यादी दहाचीच. मास्तरांनी ती डोळे तपासायच्या तक्त्यासारखी रंगवली होती. पहिला सिनेमा चांगला ठसठशीत, दुसरा जरा बारीक, असं करत करत दहावा इतका बारीक, की तो ज्याला वाचता येईल त्याला चष्मा न देताच घरी पाठवावं. नवा सिनेमा आत घ्यायचा तर एक जुना बाहेर. एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने खिंड लढवायची, मग हात वर. घरचे लाड, नातीगोती तिथे बिलकुल चालायची नाहीत.

दहावा सिनेमा बायकोचा. त्यातली बाई बॅग भरून घर सोडते, बसने शेवटच्या स्टॉपपर्यंत जाते आणि संध्याकाळच्या बसने परत येते. बॅग दारामागे ठेवते, भांडी घासायला लागते. संपला सिनेमा! चष्मेवाल्याला तो कधीच पटला नाही. "परतच यायचं होतं तर गेली कशाला? आणि आमचे दोन तास का खाल्ले?" असं त्याने भर बैठकीत विचारलं होतं. त्यावर बायकोने असं काही उत्तर दिलं, की टेलर टाळ्या पिटत उठला आणि मास्तरांनी तिथल्या तिथे ब्रश बुडवला. विरोधात त्याचा एकट्याचा हात. घर येईपर्यंत ती हसत होती.

ती वारली त्याला आता वर्ष होत आलं. आणि टेलरने नवा सिनेमा पुढे केला होता, खाणकामगारांचा. खरोखरच जबरदस्त. तो आत आला तर दहावा जाणार, हे उघड होतं. चष्मेवाल्याने ठरवलं होतं, की या वेळी तिची खिंड आपण लढवायची, तिच्याच शब्दांत. पण ते शब्द काही केल्या आठवेनात. तिचा आवाज आठवायचा, टेबलावर आपटलेली चष्म्याची डबी आठवायची. उत्तर मात्र साफ पुसलेलं.

तो टेलरकडे गेला. "अरे, हिने तेव्हा काय उत्तर दिलं होतं रे?"

"वहिनींनी? काय बोलल्या होत्या यार! तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं!"

"माझं तोंड राहू दे. बोलली काय?"

टेलरचं मशीन थांबलं. "पिवळा कुर्ता होता त्यांचा. बाह्या मीच लावल्या होत्या." एवढं सांगून त्याने पुन्हा मशीन सुरू केलं.

मास्तरांनी तर कहर केला. "मी 'वाहवा' म्हणालो होतो, एवढं पक्कं आठवतंय."

"तुमचं वाहवा घेऊन काय चाटायचंय मला?" चष्मेवाला खेकसला.

मास्तर रागावले नाहीत, हेच वाईट झालं. हळूच म्हणाले, "एवढा त्रास करून घेऊ नकोस. त्यांची आठवण म्हणून राहू दे तो सिनेमा. टेलरशी बोलतो मी. कुणी ब्र काढणार नाही."

हे त्याला फार झोंबलं. भांडून मिळवलेली तिची जागा आता दयेवर टिकवायची? ती असती तर मास्तरांना उभं आडवं सोलून काढलं असतं तिने! शनिवारी त्याने दुकान उघडलंच नाही. घरी तो सिनेमा लावला, चारदा उठला, पाणी प्यायला, खिडकी उघडली, लावली. उत्तर कुठेच सापडलं नाही.

रविवारी टेलरने बसायच्या आधीच सांगून टाकलं, "माझा सिनेमा मागे घेतो. दहावा आहे तो बरा आहे."

"बरा आहे? भिकार आहे!" चष्मेवाला ओरडला. "ती बाई जाते काय, येते काय! दिग्दर्शकाला शेवट सुचला नाही, दुसरं काय? बोला ना! मूग गिळून काय बसलात?"

टेलर आणि मास्तर फरशीकडे बघत राहिले. "बोला की कुणीतरी," चष्मेवाला पुन्हा म्हणाला, आणि आवाज फुटला त्याचा.

"मी बोलू?" कोपऱ्यातून नर्सबाई म्हणाली. ही नवीन. फ्रेमचा स्क्रू आवळून घ्यायला आली आणि भांडणं ऐकून तिथलीच झाली. यादीतले दहाही सिनेमे तिने बघून काढले होते, पण दहावा कुणाचा, काय, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "काका, रागावू नका, पण तुम्ही झोपला होता का हो शेवटी? ती बॅग रिकामी करते का? माळ्यावर टाकते का? दारामागे ठेवते, भरलेली! आता नवऱ्याला जाता-येता ती दिसणार. रोज त्याला वाटणार, आज जाईल. परत आली म्हणे! परत आली म्हणजे काय, त्याची झाली?"

"बॅग उचलायची राहिली असेल!"

"मग कॅमेरा का थांबतो तिच्यावर? उगाच वाद घालायचा म्हणून घालू नका!"

दोघं अशी जुंपली, की रस्त्यावरचे दोघेतिघे शटरखालून वाकून बघू लागले. हे काही बायकोचं उत्तर नव्हतं, एवढं त्याला कळलं. तिचं तिच्याबरोबर गेलं. पण वर्षभरात पहिल्यांदा कुणी त्याची गय केली नव्हती.

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "दहावा राहावा असं कुणाला वाटतं? हात वर." पहिला हात चष्मेवाल्याचा.

"अहो, तुम्ही तर विरोधात होता ना?" नर्सबाई म्हणाली.

"होतो. हरलो."

टेलर हसला, मास्तर हसले, तोही हसला. मग एकदम त्याला घरी जायची घाई झाली. उठून शटर वर केलं, किल्ल्या खिशात घातल्या, आज आपण कसे हरलो ते बायकोला सांगायला निघालाच होता तो, पायरी उतरलासुद्धा.