बागेत पूर्ण रेंज होती

मँचेस्टरहून तासाभराच्या अंतरावर एक बाग आहे. ऑक्टोबरच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी तिथे जायचो. आधी ऑनलाइन स्लॉट बुक करायचा, चिखलाच्या मैदानात गाडी लावायची, फाटकापाशी एक ढकलगाडी पटकवायची. मग झाडांवरची सफरचंदं तोडायची, शेतातले भोपळे निवडायचे आणि शेवटी शेडमध्ये रांग लावून ताज्या रसाचे कप घ्यायचे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा भोपळा स्वतः चिखलातून उचलण्यासाठी माणसं तिकीट काढतात याचं मला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षापासून आम्हीही त्यातलेच झालो.

त्या वर्षी आई आमच्याकडे आलेली होती. एकटीच. बाबा थंडीला आणि गुडघ्यांना घाबरून नागपूरलाच राहिले होते. निघण्याआधी दोघांचं वाजलं होतं. ‘सहा महिने कशाला, तीन पुरे झाले,’ असं ते म्हणाले आणि ती म्हणाली, ‘माझ्यावाचून अडलं की आठवण येते, एरवी मी आहे कुठे!’ तेव्हापासून फोनवर दोघांचं बोलणं म्हणजे, ‘जेवलात?’ ‘हो.’ ‘गोळ्या?’ ‘घेतल्या.’ की झालं. चाळीस वर्षांच्या संसारात असे रुसवे पुष्कळ झाले होते. आम्ही भावंडं त्यावरून त्यांची टिंगल करायचो.

बागेत जायच्या दिवशी सकाळी मी सँडविच भरत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि ते आयसीयूत होते. शुद्धीत होते, बोलत होते, पण डॉक्टरांनी चोवीस तास महत्त्वाचे म्हणून सांगितलं होतं. ‘ताई, आईला दे ना फोन,’ तो म्हणाला.

मी दिला नाही. मी डॉक्टर आहे. रिपोर्ट मागवले, आकडे वाचले आणि मनाशी ठरवलं की दोन-तीन दिवस तरी धोका नाही. दुसऱ्या दिवशीच्या विमानाची दोन तिकिटं काढली. आईला ब्लडप्रेशर आहे, तिला आत्ता सांगितलं तर ती दिवसभर रडेल आणि विमानात सावरायची नाही. रात्री शांतपणे सांगू, असं भावाला बजावलं. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय आहे आणि ऐकायची त्याला.

नवरा म्हणाला, ‘सांगून टाक. त्यांचा नवरा आहे तो.’

‘तू मध्ये पडू नकोस,’ मी म्हटलं.

हॉस्पिटलमध्ये मी अनोळखी माणसांना समोर बसवून वाईट बातम्या सांगते. आडपडदा न ठेवता सांगायचं, कुणाच्या वतीने आपण ठरवायचं नाही, असं ज्युनियर्सना शिकवते. त्या सकाळी ही सगळी अक्कल मी गहाण टाकली. बागेचा बेत मोडला असता तर आईला संशय आला असता, म्हणून आम्ही ठरल्याप्रमाणे निघालो.

आभाळ भरलेलं होतं आणि वारा बोचरा होता. आईने साडीवर माझं जुनं जाकीट चढवलं होतं, पायात माझ्या नवऱ्याचे गमबूट. माझी सात वर्षांची लेक तिला ओढत शेतात घेऊन गेली. ‘आजी, कम ऑन, हे बघ, केवढी मोठी भोपळा!’ आईने तो भोपळा टिचकी मारून तपासला, नापसंत केला आणि दुसरा शोधून काढला. किती महिन्यांनी ती इतकी मोकळी हसत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका टेबलावर भोपळे कोरायची सोय होती. लेकीने आजीच्या हातात सुरी दिली तर तिने ती पटकन खाली ठेवली. ‘अख्खा भोपळा बाईने नाही चिरायचा बाळा. पहिली सुरी पुरुषाने लावायची. आमच्या घरी आजोबा लावतात.’ मग नवऱ्याला म्हणाली, ‘जावईबापू, तुम्ही लावा.’ त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरी उचलली.

तिथेच तिला बाबांची आठवण आली असणार. सफरचंदाच्या रांगांमधून चालताना ती थांबली. फळांनी फांद्या गुडघ्यापर्यंत वाकल्या होत्या, खाली गवतात पडलेली फळं कुजत होती. ‘ह्यांना फोन लाव गं,’ ती म्हणाली. ‘व्हिडिओवर दाखवू. संत्र्यांच्या फार बढाया मारतात. म्हणावं, बघा, याला बाग म्हणतात.’ आणि मग, जरा थांबून, ‘फार दिवस झाले, नीट बोललेच नाही मी त्यांच्याशी.’

‘इथे रेंज नाही आई,’ मी म्हटलं.

फोन माझ्या हातातच होता आणि त्यावर सगळ्या रेघा दिसत होत्या.

‘मग फोटो काढ. घरी गेल्यावर पाठव.’ ती फांदी धरून उभी राहिली आणि पदर सारखा केला. मी फोटो काढला.

नंतर मी रसाच्या रांगेत उभी राहिले. आत लाकडी दाबयंत्रात सफरचंदं पिळली जात होती, आंबूस वास भरून राहिला होता. भावाचा मेसेज आला. ‘बाबा सारखे विचारतायत. आईला फोन लाव म्हणतात. मी लावू का?’

मी लिहिलं, ‘नको. सांग, ती बाहेर गेलीय, रात्री बोलेल.’

त्याने लिहिलं, ‘दोनच मिनिटं?’

मी लिहिलं, ‘त्यांना बोलून दमवू नकोस. मला कळतं.’

हे लिहीत असताना आई माझ्यापासून वीस पावलांवर बाकावर बसली होती. नातीच्या बुटांचा चिखल काडीने काढत होती. मी रांग सोडून तिच्याकडे फोन नेला असता तर सगळं मिटलं असतं. मी रसाचे चार कप घेतले. ‘दारू नाही ना गं यात?’ असं विचारत तिने एक घेतला आणि संपवला.

परतीच्या वाटेवर गाडीच्या स्क्रीनवर भावाचं नाव झळकलं. ‘घे ना, बोलू दे मला,’ मागून आई म्हणाली. मी कॉल कापला. ‘ऑफिसचं काहीतरी असेल त्याचं,’ म्हटलं. काय बोलतेय ते मलाच कळत नव्हतं. पुढच्या पेट्रोल पंपावर नवऱ्याने न सांगताच गाडी थांबवली. हवा भरायच्या मशीनपाशी उभं राहून मी भावाला फोन लावला. बाबा पंधरा मिनिटांपूर्वी गेले होते.

मागच्या काचेतून आई आणि लेक मला हात करत होत्या. मीही हात केला.

तिला रात्री सांगितलं, तेही अर्धंच. सीरियस आहेत, उद्या निघायचंय, एवढंच. उरलेलं नागपूरला घरासमोर चपलांचा ढीग बघून तिला कळलं. त्यांना तिच्यासाठी ठेवलं होतं. चेहरा तिला पाहता आला. लोक म्हणाले, तेवढं तरी बरं केलंत.

तेरावा झाल्यावर एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. भाऊ समोरच होता.

‘शुद्धीत होते का गं शेवटपर्यंत?’

‘हो.’

‘बोलत होते?’

‘थोडं थोडं.’

‘माझं नाव काढलं का?’

भाऊ उठला आणि आत निघून गेला. मी ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, आणि त्याचं उत्तर माझ्या फोनमध्ये माझ्याच शब्दांत लिहिलेलं होतं. मला माझी लाज झाकायची होती. तिच्या ब्लडप्रेशरचा आता काही संबंध नव्हता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तसं काही नाही.’

ती नखाने सतरंजीचा दोरा उसवत राहिली. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘रागावून आले होते ना मी. धरून बसले असतील मनात,’ ती म्हणाली. ‘विचारलं असतं तर तू तिथल्या तिथे फोन लावून दिलाच असतास म्हणा. एवढं ठाऊक आहे मला.’

मी ‘हो’ म्हटलं.