बाकड्याखाली सारलेलं सूप

आम्ही इंग्लंडला निघालो त्या दिवशी जव्हारच्या एसटी स्टँडवर मेहुणा रूपजी आला तो बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सूप द्यायला. रूपजी आमच्या पाड्याचा भगत. माणूस बोलेनासा झाला की सुपात तांदूळ टाकून तो एकेक नाव घेतो, कुणाची ओढ लागली म्हणून विचारतो. सगळं घर भोवती बसतं. पाड्यावरच्यांनो, तुम्हाला वारल्यांची रीत मी काय सांगणार!

मला मात्र लाज वाटली. मुलगा किसन इंग्लंडात डॉक्टर, आणि बाप विमानतळावर सूप घेऊन उभा? बायको लखमी एसटीत चढली तसं मी ते स्टँडवरच्या बाकड्याखाली सारलं. म्हणालो, "सामानात टाकलंय."

बेसिंगस्टोकला किसनच्या घरी तिनं सगळं सामान उचकलं. विमानवाल्यांनी काढून घेतलं, असं मी ठोकून दिलं. हिवाळ्यात ती बोलायचीच थांबली. हीटरला खुर्ची लावून बसायची. जीपीनं, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरनं, गोळ्या दिल्या, मग घरी नर्सबाई यायला लागली. भली बाई. किसनकरवी विचारलं, "तुमच्यात असं झालं तर घरचे काय करतात?"

मी चौथी शिकलेला. ताठ बसून म्हणालो, "असलं काही नसतं. आम्ही सुधारलेली माणसं."

किसननं मान खाली घालून तेच इंग्रजीत सांगितलं. स्टॅनमोरच्या मराठी मंडळींतही आम्ही वारली म्हणून सांगत नव्हतो, नुसते 'जव्हारकडचे' होतो.

लखमीनं जेवण टाकलं तेव्हा मी रूपजीला फोन लावला.

"सूप माझ्याकडंच आहे, दाजी. कंडक्टरनं आणून दिलं. तुम्ही कधी बोलता, वाट बघत होतो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ओव्हनच्या ट्रेमध्ये बासमती टाकला. मी, किसन, सूनबाई कार्पेटवर बसलो. फोनमधून रूपजी नावं घेत गेला. आई. मेलेली बहीण. शेवटी म्हणाला, "का मग सुपाचीच ओढ लागली, बाय?"

लखमीनं मान वर केली. "अहो, सूप कुठं टाकलंत?"

सांगितलं. बाकड्याखाली.

"म्हणजे माझी लाज वाटली तुम्हाला."

चार महिन्यांनी तोंड उघडलं, ते हे बोलायला. तिनं ट्रे ओढला, दाणे चिवडत भावाला विचारलं, "भात कापला का रे?"

गोळ्या चालू आहेत. नर्सबाईला मी किसनकरवी सांगितलं, मी खोटं बोललो, आम्ही वारली. पुढच्या वेळी तीही ट्रेभोवती बसली.

रूपजी सूप पोस्टानं पाठवतो म्हणतो. मी नको म्हटलंय. आता घर म्हटलं की मला स्टँडवरचं ते बाकडंच दिसतं. तिथनं एकदा परत निघायचंय, लखमीच्या शेजारून, सूप सगळ्यांना दिसेल असं हातात धरून.