जाऊबाईंचे डोहाळे

आमच्या थोरल्या जाऊबाई रोपवाटिकेत कलमं बांधतात. म्हणजे एका झाडाची फांदी दुसऱ्याच्या खोडावर अशी बसवतात, की दोघांनी निमूट संसाराला लागावं. त्यांचं कलम जळत नाही, अशी ख्याती. त्यांना त्याचा तोरा आहे आणि तो असावाच. खोटा विनय मला मुळीच सोसत नाही.

तर या बाईंचे हात थरथरायला लागले. काप वाकडा जायचा, कलमं वाळायची, दोन कुंड्या उचलल्या तरी धाप लागायची. रोपवाटिकेचे मालक म्हणाले, "ताई, तुम्ही आता आत बसून फोन घ्या. चाकू दुसऱ्या कुणाकडे तरी देतो." त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मी त्यांना मोरीमागे पकडलं. फुटक्या कुंडीची खापरी कुरतडत होत्या. सासूबाईंचे कान तिखट. "थोरलीला डोहाळे लागले वाटतं," त्या म्हणाल्या आणि चेहरा उजळला. लेक कॉलेजात आणि आईला डोहाळे! भावोजी दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देईनात.

मी त्यांना दवाखान्यात ओढतच नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली करून पाहिली, तर पांढरीफटक. डोहाळेबिहाळे काही नव्हते, अंगात रक्तच नव्हतं.

"कामावर अनवाणी असता?"

"मातीत कुठे चपला घालायच्या? पायाला खाज सुटते अधूनमधून, बाकी काही नाही."

"माती कुठून आणता?"

"कुंपणापलीकडून. लोक तिथे उघड्यावर बसतात, पण आम्ही चाळून घेतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "शौचाची तपासणी करून घ्या. तसल्या मातीतले जंत तळपायातून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. रक्त उतरलं की काहींना माती, खापरी खावीशी वाटते."

"जंत शेंबड्या पोरांना होतात," सासूबाईंनी घरी निकाल देऊन टाकला. जाऊबाईंनी नमुन्याची डबी पदराआड लपवून नेली. रिपोर्ट आला: काही सापडलं नाही. भावोजी म्हणाले, "झालं समाधान? आता घे फोन."

मला वाटलं, बाई खचणार. उलट त्यांचं डोकंच फिरलं. "एका नमुन्यात जंतांची अंडी हुकू शकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. मी पुन्हा देणार." यावेळी डबी उजळ माथ्याने निघाली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं, काय घेऊन चाललात? त्यांनी सांगून टाकलं. बिचारा दोन पावलं मागे सरला.

दुसऱ्या रिपोर्टात अंडी सापडली. जंत झाले म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, मीही रडले.

मग जंतांचं औषध, रक्तवाढीच्या गोळ्या, पायात गमबूट. हळूहळू खापरी सुटली, धाप गेली, आवाजात जुना दरारा आला. सासूबाईही एकदा गुपचूप विचारून गेल्या, तपासणी कुठे करतात म्हणून.

जाऊबाई मालकांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. त्यांनी हात पुढे धरला. बोट हललं नाही. मालकांनी चाकू दिला, पण त्यांनी तो घेतला नाही.

"आधी सगळ्यांना गमबूट आणा. ती माती बंद करा. आणि सगळ्यांची तपासणी, तुमच्यासकट."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शेवटी ते 'बरं' म्हणाले. मग जाऊबाईंनी चाकू घेतला, फांदी धरली आणि पहिलाच काप इतका सरळ गेला, की मला भरून आलं.