ज्याची त्याची चामडी

गोंडपिपरीच्या बाजारात माझ्या दुकानासमोर बसून एक बाई मोहाच्या बियांचं, म्हणजे टोळीचं तेल विकायची. आधी एक थेंब गिऱ्हाइकाच्या कानामागे लावायची आणि म्हणायची, "आठ रोज पाहा, मंग घेजा." त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक तसंच जायचं. मी क्रीम विकायचो. पोरींना सांगायचो, "त्या तेलानं चेहऱ्याची छिद्रं बुजतात." हे मी कधी पडताळलं नव्हतं.

एकदा माझ्याच क्रीमनं पुटकुळ्या उठलेली एक पोर तिच्याकडे रडत आली. आता ही तेलवाली मला भर बाजारात उघडं पाडणार, म्हणून मी आत सरकलो.

ती म्हणाली, "भाऊच्या डबीले काऊन दोष देतं वो माय? माह्यं तेलबी कोणाले मानवते, कोणाले नाई. ज्याची त्याची चामडी. आता काईच नोको लावू, ना त्याचं ना माह्यं."

तरीही मी पोरींना तेच सांगत राहिलो. हळूहळू तिच्यापाशी कोणी थांबेना, मग ती यायचीच बंद झाली. तिचं गावही मी कधी विचारलं नव्हतं. मी खोटं बोललो, एवढं तिला सांगायचं राहिलंय.

आता दर बाजाराला मी ती ज्यातून उतरायची, त्या पोंभुर्ण्याकडून येणाऱ्या जीपजवळ उभा राहतो. बायका उतरतात, टोपल्या उतरतात. जीप रिकामी झाली, तरी थोडा वेळ आत पाहत राहतो.