तपासणारा दुसरा माणूस

हंगाम संपला की आमच्या जिनिंगमध्ये दिवसा मी एकटा उरतो. दिवाळीनंतर इथं कापसाच्या गाड्या महागावच्या रस्त्यापर्यंत उभ्या असतात. उन्हाळा लागला की मी, बंद मशिनी आणि रात्रीचा चौकीदार; तोही सकाळी आठला घरी जातो. दिवसभर बोललं नाही की जीभ जड होते, हे मला याच नोकरीत कळलं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नागपूरच्या मुख्य कार्यालयानं कंप्लायन्सचं सॉफ्टवेअर आणलं. नियमानं करायची कामं त्यात एकदा भरून ठेवायची, मग ती ठरल्या वारी आपोआप मोबाइलवर येतात. मी पहिलं काम भरलं ते आगीसाठी टांगलेल्या रेतीच्या बादल्या पाहण्याचं. दर सोमवारी, सकाळी दहा. पुढं दोन रकाने होते, काम करणारा आणि तपासणारा. दोन्हीकडं माझं नाव घातलं तर पडद्यावर लाल ओळ आली. माणसं वेगळी हवीत म्हणे. आता दुसरा माणूस आणू कुठून? चौकीदाराकडं बटणांचा फोन. शेवटी मी काकांचं नाव घातलं.

काका म्हणजे आमचे जुने फिटर, फुलसावंगीकडच्या तांड्यातले. त्याच वर्षी काम सोडून ते पुण्याला मुलाकडं गेले होते, पण नाव यादीतून काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. मी त्यांना फोनवर म्हटलं, "काका, सोमवारी मोबाइलवर काम येईन. हिरवं बटण तेवढं दाबून द्या."

नुसतं बटण दाबून मोकळा होईल तर तो माणूस कसला. पहिल्याच सोमवारी त्यांचा फोन. "न पाह्यता कसा दाबू बाबू? तू चालत राह्य, मी इचारतो."

तेव्हापासून दर सोमवारी फोन कानाला लावून मी बादलीबादलीनं फिरू लागलो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "थुकलं काय कोणी?" हंगामात मजूर तंबाखूचा खर्रा खाऊन रेतीत थुंकतात आणि काका त्यावरून जन्मभर भांडले होते. मग गप्पा. पुण्यात मुलगा-सून कामावर गेले की त्यांच्याशी बंजाऱ्यांची गोर बोली काय, आमची वऱ्हाडी काय, बोलायला घरात कोणी नसे. वीस मिनिटांच्या कामाला तास लागायचा. सांगायला लाज वाटते, पण मी सोमवारची वाट पाहायचो.

या उन्हाळ्यात मुख्य कार्यालयाच्या लक्षात आलं. कामावर नसलेला माणूस तपासतो कसा, अशी विचारणा आली. मी काकांचं नाव काढून नागपूरच्या साहेबांचं घातलं. काकांना कळवलं नाही. कोणत्या तोंडानं कळवणार?

पुढच्या सोमवारी बादल्या पाहून मी काम झाल्याची नोंद केली. फोन खिशात ठेवायच्या आत साहेबांचं हिरवं आलं. त्याच्या पुढच्या सोमवारी मी खुर्चीतूनच नोंद केली. तरीही हिरवंच आलं.

काकांचा फोन मात्र आला नाही. मला राग आला. गरज सरो, वैद्य मरो, असं मनात म्हणालो. नाव मीच काढलं होतं, हे रागाच्या भरात सोयीनं विसरलो. तिसरा सोमवारही तसाच खुर्चीत बसून काढला.

चौथ्या सोमवारी राहवेना. मीच फोन लावला.

"बरा हायेस ना?" काका म्हणाले. "काम येनं बंद झालं, तं मले वाटलं तुले जोडीदार भेटला. मंग मी कायले मधात येऊ?"

मला फार वाईट वाटलं. मी सगळं खरं सांगितलं. नाव मीच काढलं, जोडीदार कोणी आलेला नाही, आणि दोन सोमवार बादल्या पाहिल्याच नाहीत.

काका म्हणाले, "उठ. चाल. मी आहो फोनवर."

मी फाटकाजवळच्या पहिल्या बादलीपाशी गेलो. रेतीवर कडुनिंबाची वाळकी पानं पडली होती.

"थुकलं काय कोणी?"

"थुकाले तरी कोन हाये काका इथं," मी म्हटलं, आणि रेतीवरची पानं वेचू लागलो.

काका हळूच म्हणाले, "बरं. दुसरी पाह्य."