निःपक्षपाती फेटा

आता कुठून सुरू करू? तुम्ही आधी चहा हातात घ्या, कारण ऐकताना तुम्हाला काहीतरी धरायला लागणार आहे. एका रविवारी, भर दिवसा, दीडशेच्या वर साक्षीदारांसमोर मी एक धडधाकट माणूस मारला. हाताने नाही हो. फेट्याने!

हसताय ना? हसा. मीही आज हसतो. त्या दिवशी मी देवाला नवस बोलत होतो.

मी मूळचा अकोल्याचा, जयपूरच्या एका विद्यापीठात प्राध्यापक. नोकरीला दोन वर्षं होतात न होतात तोच मुलांच्या वसतिगृहाची वॉर्डनकी माझ्या गळ्यात पडली. एकशे ऐंशी मुलगे! आधीचे वॉर्डन शिट्टीवर राज्य करायचे. शिट्टी वाजली की जेवण, शिट्टी वाजली की दिवे बंद. मी म्हटलं, छे! आपण लोकशाही आणायची. मुलांनी मुलांचा अध्यक्ष निवडायचा, मुलांनीच वसतिगृह चालवायचं.

पहिलीच सभा घेतली. विषय होता, मेसमधलं दही पातळ का. सभा तीन तास चालली! एकशे ऐंशी तोंडं आणि प्रत्येकाचं दह्याबद्दल स्वतंत्र मत. तिसऱ्या तासाला माझं डोकं ताकासारखं घुसळून निघालं आणि मी टेबलावर हात आपटून नियम केला. यापुढे कुणीही तोंडी हरकत घ्यायची नाही. हरकत लेखी द्यायची, ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकायची. पेटी दर सोमवारी उघडेल. किल्ली माझ्याकडे!

काय सुरेख नियम केला होता! त्यानेच माझा गळा कापला.

निवडणूक झाली. एका गटाचा रंग गुलाबी, दुसऱ्याचा हिरवा. शर्टाला फिती, खोल्यांवर पताका, आणि गुलाबी-हिरव्यात इतकी जुंपलेली की मेसमध्ये दोन रांगा वेगळ्या लागायच्या. निवडून आला सुरेंद्र. कुचामनकडच्या एका गावातला, शेतकऱ्याचा थोरला मुलगा. शांत, कष्टाळू, आणि मोठ्यांपुढे मान वर न करणारा.

मी ठरवलं, शपथविधी थाटात करायचा. आपल्याकडे सत्कार म्हटला की फेटा आला. इथेही साफा बांधतातच, म्हणजे प्रश्नच नाही. पण रंग कोणता? गुलाबी बांधला तर हिरवे चिडणार, हिरवा बांधला तर गुलाबी. मग मला सुचलं. पांढरा! निःपक्षपाती!

बायकोला फोन करून सांगितलं, "रविवारी मुलाला फेटा बांधतोय." मेघना माहेरी गेली होती, वैशाली नगरला. तिचे वडील रेल्वेतले, भुसावळहून बदलून इथे आले नि इथलेच झाले. तिचा जन्म जयपूरचा.

ती म्हणाली, "बढिया! पण कुणाला विचारलंस का? मतलब, इथे साफ्याचं खूप काही काही असतं."

"अगं, फेट्यात काय विचारायचं?"

रंग मी सांगितला नाही. तिनेही विचारला नाही.

साफा आणायला शहरातल्या जुन्या बाजारात गेलो. दुकानदार बोलका माणूस. पण मी "सफेद साफा" म्हणालो आणि त्याचा चेहराच उतरला. हळू आवाजात म्हणाला, "कितने दिन हुए, सरजी?"

म्हटलं निकालाबद्दल विचारतोय. "परवाच्या रविवारी बारा दिवस होतील."

"बड़े बेटे को?"

"हाँ, घर का बड़ा ही है।"

त्याने दोन्ही हात जोडले. साफा कागदात गुंडाळून दिला, वर माझा खांदा थोपटला. "हिम्मत रखिए।" मी मनात म्हटलं, बघा, जयपूरच्या व्यापाऱ्याला शिक्षणाची केवढी चाड! वॉर्डनचं काम किती अवघड आहे हे याला कळतं आणि आमच्या कुलसचिवांना कळत नाही.

रविवार उजाडला. लोकशाहीत उच्चनीच नको म्हणून मी खुर्च्या काढायला लावल्या. हॉलभर गाद्या, गाद्यांवर पांढऱ्या चादरी. मुलांचे फोन दारात एका टोपलीत गोळा केले. स्वतः पांढरा कुर्ता घातला. आणि सक्त ताकीद दिली, कुणी दात काढायचे नाहीत, गंभीर प्रसंग आहे.

गंभीर झालेच सगळे! मी कागदातून साफा काढला आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक हात वर झाला. मग दहा.

"सर, ये सफेद..."

"लेखी!" मी गरजलो.

"सर, लेकिन अभी..."

"पेटी बाहेर आहे!"

मुलं एकेक करून उठली, बाहेर गेली, चिठ्ठी टाकून आली. मी कौतुकाने बघत होतो. शिस्त लागली हो पोरांना! सुरेंद्र समोर बसला होता, चेहरा चादरीसारखा. पुटपुटला, "सर, मेरे बापू तो..."

"बापूंना आनंदच होईल!" मी म्हणालो आणि पहिला वेढा दिला.

पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही भरून आलं. काय ही निष्ठा, काय ही भावना! एका मुलाकडून फोटो काढून घेतला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आज से सारी ज़िम्मेदारी सुरेंद्र के कंधों पर है।"

मग जोडलेले हात आले. एक, दोन, पन्नास! मी प्रत्येकाला 'धन्यवाद' पाठवत होतो. कुणीतरी विचारलं, "अचानक?" मी उत्तर दिलं, "नहीं जी, तीन महीने से तैयारी चल रही थी।" त्यानंतर त्या गृहस्थांनी काहीच विचारलं नाही.

आणि मेघनाचा फोन आला. वॉर्डनची बायको म्हणून तीही पालकांच्या ग्रुपवर होती.

"अरे, कोण गेलं?"

"कुठे गेलं?"

"सुरेंद्रचे वडील गेले ना? मला सांगितलं पण नाहीस!"

"काहीतरीच काय? त्याला अध्यक्ष केलाय!"

ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "इथे बाप वारला की बाराव्या दिवशी सगळी बिरादरी खाली बसते आणि मोठ्या मुलाला पांढरा साफा बांधतात. मतलब, आता तू घरचा कर्ता. तू एका जिवंत माणसाची रस्म करून टाकलीस, समजतंय तुला?"

समजलं! असं समजलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. धावत पेटीकडे गेलो, सोमवार गेला खड्ड्यात, किल्ली लागेना तर लाथ घालून उघडली. चिठ्ठ्यांचा ढीग! "सर, ये मौत वाला साफा है।" "सर, सफेद मत बाँधो।" एकाने तर चित्र काढून समजावलं होतं. आणि एक सुरेंद्रच्या अक्षरात, "सर, मेरे बापू ज़िंदा हैं।" उंटांच्या मुलखात येऊन मी उंटावरचा शहाणा झालो होतो!

टोपलीतून सुरेंद्रचा फोन काढला. चौसष्ट मिस्ड कॉल. त्याने काकांना लावला. पलीकडून जीपची घरघर आणि बायकांचं रडणं.

"काकोसा, कुछ नहीं हुआ है! बापू ठीक हैं!"

"बेटा, हिम्मत रख," काका हुंदका देत म्हणाले. मग दुसऱ्या कुणाला तरी, "बच्चे को सदमा लग गया है।"

मी फोन हिसकावला. "मैं वॉर्डन बोल रहा हूँ। लादूरामजी बिलकुल ठीक हैं।"

"तो बात कराओ उनसे! सुबह की बस से आपके यहाँ ही निकले थे। फोन बंद है।"

लादूरामजी, म्हणजे सुरेंद्रचे वडील, मुलाचा शपथविधी बघायला पहाटेच निघाले होते. अकरा वाजता पोचायला हवे होते. आता बारा वाजून गेले होते, आणि ते इथे नव्हते!

गावाने बिचाऱ्याने काय चूक केली? बाप सकाळी बसने निघाला, फोन बंद, आणि अकरा वाजता मुलाच्या डोक्यावर पांढरा साफा. कुणीही तेच समजेल. काका ओरडत होते, "शहरवालों ने बारह दिन का काम एक दिन में निपटा दिया! हमारे आने तक तो रुकते!" तेवढ्यात आवाज तुटला. रेंज गेली, पुन्हा लागेना. सुरेंद्रची आईही त्याच जीपमध्ये होती.

खरं सांगू? त्या वेळी मी मनापासून घाबरलो. खरंच रस्त्यात काही झालं असेल तर? माझ्या हातून काय अभद्र झालं हे? सुरेंद्र माझ्याकडे बघत होता आणि मला त्याच्या नजरेला नजर देता येईना. मी अकोल्याच्या राजेश्वराला नवस बोललो. तेव्हा घाईत काय काय कबूल केलं, ते अजून फेडतोय.

पाऊण वाजता फाटकात एक उंच म्हातारा उभा. हातात तुपाची बरणी, खांद्यावर पिशवी. चेहरा हसरा. हॉलच्या दारात आला आणि थबकला. पांढऱ्या चादरी. गप्प बसलेली पोरं. आणि मधोमध पांढरा साफा बांधलेला स्वतःचा मुलगा.

त्याने मुलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातापायांकडे पाहिलं.

"सुरेंद्र," तो अगदी हळू म्हणाला, "मैं कब मरा?"

सुरेंद्रने जाऊन बापाला अशी मिठी मारली की तुपाची बरणी मीच झेलली. वाटेत बस बिघडली होती, एवढंच. आणि फोनची बॅटरी संपली होती. मी त्यांच्या पाया पडलो, माफी मागितली, सगळं सांगितलं. लादूरामजी कपाळाला हात लावून बसले. मग एकदम ताठ झाले. "सुरेंद्र की माँ! उसको बताओ पहले!"

पण जीपचा फोन लागेना. मुलं लावतायत, मी लावतोय, लागतच नाही. ती बाई तिकडे रडत येतेय, आणि तिला थांबवायचं कसं? मी म्हटलं, फोटो पाठवू. रेंज आली की दिसेल, जीव भांड्यात पडेल. लादूरामजींना खुर्चीत बसवलं. अध्यक्षाच्या वडिलांचा सत्कार करायचा म्हणून झेंडूचा भला मोठा हार आणलेलाच होता. म्हटलं, हार घातला की माणूस प्रसन्न दिसतो. हार घातला. कपाळाला टिळा लावला. फोटो काढला. ऐन वेळी त्यांनी डोळे मिटले, पण दुसरा काढायला वेळ कुणाला? ग्रुपवर टाकला आणि खाली खुलासा टाइप करायला घेतला.

टिळा, हार, मिटलेले डोळे. तुम्हाला दिसतंय ना काय झालं? मला नाही दिसलं!

माझा खुलासा अर्धा होईपर्यंत सव्वाशे जोडलेले हात येऊन पडले. त्यात एक काकांचा, तेही ग्रुपवर होते. खाली लिहिलं होतं, "दर्शन हो गए। अब हमारे आने से पहले कुछ मत करना।"

अजून काय करायचं राहिलं होतं? मी घाम पुसत खुलासा पाठवला, पण जीप पुन्हा रेंजबाहेर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

तीन वाजता जीप आली. आतून रडण्याचा कल्लोळ. आधी काका उतरले, मग घुंगट ओढलेली सुरेंद्रची आई, दोघी बायकांनी धरून आणलेली. आणि लादूरामजी फाटकाकडे धावले, गळ्यात हार तसाच!

काका दोन पावलं मागे सरले. कुणीतरी किंचाळलं. ती माउली मात्र थांबली नाही. पुढे आली, नवऱ्याचा दंड चाचपून बघितला, मग दुसरा दंड. आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागली. वसतिगृहातल्या एकाही पोराला वर बघवेना. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लोकशाही आणायला निघालो होतो, आणि एका बाईला चार तास विधवा करून ठेवलं.

रडणं ओसरल्यावर ती नवऱ्याला पहिलं वाक्य बोलली, "फोन चार्ज क्यूं कोनी करयो?" म्हणजे, फोन चार्ज का नाही केला?

तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला. आणि लादूरामजींनी मान खाली घातली.

एव्हाना मेघना स्कूटरवरून धापा टाकत पोचली होती, पिशवीत रंगीत साफा घेऊन. पांढरा उतरवून रंगीत बांधला की शोक संपतो म्हणे. काकांनी स्वतःच्या हाताने तो सुरेंद्रच्या डोक्यावर बांधला. त्यात गुलाबी होता, हिरवाही होता, आणि दोन्हीकडच्या पोरांनी एकदम टाळ्या वाजवल्या. दीड मिनिटाचं काम! बाजारात पांढऱ्याच्याच शेजारी पडलेला असणार.

मी पुढे होऊन सुरेंद्रच्या आईसमोर हात जोडले. "माताजी, माफ कर दीजिए। मुझे यहाँ के रिवाज मालूम नहीं थे।"

तिने घुंगटातून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, काळजीने. मग विचारलं, "सरजी, थे टाबरां ने पढावो कांई हो?" म्हणजे, पोरांना तुम्ही शिकवता तरी काय?

भोवती एकशे ऐंशी मुलगे, सगळे एकमेकांच्या पाठीमागे लपायला लागले. मी तर आभाळाकडे बघायला लागलो. शेवटी बिचाऱ्या अध्यक्षानेच जबाबदारी घेतली. मान खाली घालून, जमेल तितक्या हळू आवाजात सुरेंद्र म्हणाला,

"समाजशास्त्र, माँ। राजस्थान के रीति-रिवाज वाला पेपर सर का ही है।"